बल्लारपूरची ट्यूबबाई

ट्यूबबाईचा डावा हात मी पहिले दोन दिवस पाहिलाच नाही. दुकानात पाय ठेवला तेव्हा ती एका उघड्या टीव्हीमागे उभी होती. उजवा हात कोपरापर्यंत आत, आणि डावा पाठीमागे नेऊन पदराच्या खोच्यात घट्ट अडकवलेला. मी मनात म्हटलं, अगं बाई, हिला एकच हात! नंतर कळलं, हात आहे, चांगला धडधाकट आहे, सगळ्या बांगड्याही त्यातच आहेत. पण मशीन उघडं असलं की तो कमरेला. "एक हात मशीनमधी, एक कमरेले," ती म्हणायची. "दोनी हात घातले का करंट या हातातून शिरते, काळजातून जाते आन् त्या हातातून निंगते. एकच घातला तं झटका देते, पण जीव नाई घेत." टीव्हीच्या काचेच्या नळीत, म्हणजे पिक्चर ट्यूबमध्ये, बटण बंद केल्यावरही हजारो व्होल्ट दबा धरून बसलेले असतात, हे मला साठी उलटल्यावर बल्लारपुरात कळलं. तोवर मी आमच्या वसतिगृहाचा टीव्ही ओल्या फडक्याने पुसत आले होते.

मी अहेरीच्या एका वसतिगृहाची निवृत्त अधीक्षिका. सगळी नोकरी रानातल्या गावांमधून आलेली मुलं सांभाळण्यात गेली. तापट म्हणून माझी ख्याती. पोट्टे मागे मला 'फटाका मॅडम' म्हणत आणि ते मला चांगलं ठाऊक होतं. नोकरीत शुद्ध बोलायची सवय लागली, पण राग चढला की आमची झाडीची बोली आपोआप तोंडातून बाहेर पडते. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवते, कारण त्या रागानेच पुढे माझी लाज काढली.

ट्यूबबाईकडे जायची वेळ आली ती सरितामुळे. सरिता ही आमच्याच वसतिगृहात वाढलेल्या मंगरूची मुलगी. मंगरू अनाथ. लहानपणी कुठल्या तरी गावच्या शाळेतून आमच्याकडे आला, मोठा झाला, संसार मांडला आणि ऐन तिशीत गेला. पोरगी मात्र हुशार निघाली, डॉक्टरकीला जाण्याइतके गुण मिळवले. पण जात वैधता प्रमाणपत्राशिवाय तिला जागा मिळणार नव्हती, आणि त्यासाठी समितीने बापाच्या पहिल्या शाळेची नोंद मागितली. कुठली शाळा? कोणालाच माहीत नाही. आमच्या प्रवेशवहीत असणार म्हणून कपाट उघडलं, तर वाळवीने वहीची माती करून ठेवलेली. हात लावला तर पानांची भुकटी हातात आली. सोमवारी गडचिरोलीला सुनावणी होती. शाळेचं नाव आणि नोंदीचा क्रमांक सांगता आला तर समिती दाखला आणायला मुदत देणार होती. नाही सांगता आला, तर पोरीची जागा गेली.

एक आशा होती. पूर्वी कोणीतरी संस्थेला जुना कॉम्प्युटर दान दिला होता, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटणारा. मी हौसेने ती सगळी प्रवेशवही इंग्रजी अक्षरांत त्यात उतरवली होती. दोन बोटांनी सुरुवात केली आणि चारशेव्या मुलापर्यंत दहाही बोटं धावायला लागली. तो कॉम्प्युटर बटण दाबल्यावर अजूनही 'पीं' करून घरघरायचा. मेला होता तो मॉनिटर. चंद्रपूरच्या दुकानांत विचारलं तर पोरं हसली. नवा मॉनिटर याला लागत नाही, कारण याच्या तोंडाला नऊ भोकं आणि नव्याला पंधरा पिना. आतली डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावावी, तर तीही कशातच बसत नाही. "मॅडम, हे भंगारात द्या नाई तं बल्लारपूरच्या ट्यूबबाईले द्या," एक जण म्हणाला. हे त्याने थट्टेने म्हटलं की खरंच, ते मी विचारत बसले नाही. चादरीत गुंडाळलेला मॉनिटर मांडीवर आणि कॉम्प्युटर पायांत घेऊन मी पुढची बस धरली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, टीव्ही माहेरी चालला काय?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचा थांबा येईपर्यंत बोलला नाही.

तो दिवस शुक्रवार. ट्यूबबाईचं दुकान बल्लारपूरच्या रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन खणांचं. भिंतीला लागून जुने टीव्ही आणि मॉनिटर छतापर्यंत रचलेले. मी धापा टाकत सांगायला सुरुवात केली, "बाई, एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, तिच्या वडिलांची..." तिने हात वर करून मला थांबवलं. "मॅडम, तुमाले याच्यात काय पाहाचं हाय ते मले नका सांगू. काय दिसत नाई तेवढं सांगा." मला झटकाच बसला. तीस वर्षांत माझं वाक्य असं कोणी तोडलं नव्हतं. पण तिचा तो नियमच होता. लोक आपली रडगाणी सांगतात, कोणाच्या लग्नाची कॅसेट, कोणाची मॅच, आणि त्यात मूळ बिघाड सांगायचा राहून जातो, असं तिचं म्हणणं. "डॉक्टर विचारते काय, बरं होऊन कुठी जाणार म्हणून?" मी तोंड मिटलं आणि एवढंच सांगितलं, "काहीच दिसत नाही."

दुसरी तऱ्हा याहून भारी. ती गिऱ्हाइकाला कामाला लावायची. मला वाटलं होतं, मॉनिटर ठेवते, इथल्या भाचीच्या घरी जाऊन पडते. कसलं काय! "बसा इथी. काटा कुठी हाय ते वाचा." मी मीटरचा काटा वाचायचा. "या बारक्या पार्टवर पट्टे कोणत्या रंगाचे हाय?" मी रंग सांगायचे. "ट्यूबच्या मानेत तार लाल दिसते का?" मी वाकून बघायचं. स्वतः ती कायम मॉनिटरच्या पाठीमागे. पुढे पडद्याकडे यायचं नावच नाही. एकदा वैतागून म्हटलं, "बाई, मी गिऱ्हाईक आहे की तुमची चपराशी?" तर शांतपणे म्हणाली, "ज्याचं मशीन त्यानं हात लावला का मशीनले बरं वाटते." मला तेव्हा तो तिचा तोरा वाटला. त्याच दुकानात एक रेल्वेतला साहेब मुकाट्याने टॉर्च धरून उभा होता, ते पाहून मी पुन्हा काट्याकडे वळले.

मॉनिटरचं मागचं झाकण काढल्यावर आधी तिने लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याला बांधलेली तार लोखंडी पट्टीला अडकवली आणि टोक ट्यूबच्या रबरी टोपणाखाली सरकवलं. टप्प! असा आवाज झाला की मी खुर्चीवरून उठले. "वीस-पंचवीस वर्षं बंद होता ना हो हा!" मी ओरडले. "मंग? मांगच्या घंट्यात तुम्ही चालू करून नाई पाह्यला काय?" पाहिला होता खरा, चंद्रपूरच्या दुकानात. तोच हात मी नंतर मॉनिटरच्या पाठीवरून फिरवला होता.

मग तिचं बोट आत फिरलं आणि थांबलं. तिने चिमटीत काहीतरी काढून दुसऱ्या बोटाने चोळलं. "तांदूय!" आणखी काढलं. "पुन्हा तांदूय. हे काय, पान हाय? मॅडम, मॉनिटरले जेवाले घालत होते काय?" आता काय सांगणार! दर दसऱ्याला आमची मुलं कॉम्प्युटरची पूजा करत. मीच करायला लावत असे. हळद-कुंकू, अक्षता, वर आपट्याची पानं. वरच्या जाळीतून ते सगळं वर्षानुवर्षं आत गळत गेलं होतं. ट्यूबबाई टेबलाला धरून हसली. "माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेऊन हे सारं सोडलं, आन् मले इथी मॉनिटरच्या पोटातून अक्षता काढा लागून राह्यल्या!" मी आधी फुगले, मग मलाही हसू आवरेना. कुंकवाने धरलेल्या ओलीने आतली एक तार गंजून तुटली होती. म्हणजे मॉनिटर मारला तो वाळवीने नाही, काळाने नाही, आमच्या पूजेने.

शनिवारचा दिवस पार्ट बदलण्यात गेला. भिंतीजवळच्या ढिगातून ती हाताने चाचपून एखादा टीव्ही ओढायची, त्यातला पार्ट उपटायची आणि यात बसवायची. सोल्डरिंगचा डाग देताना धूर सरळ तिच्या नाकाशी. कामाच्या ओघात बोलायचीही. आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. गुरुजी म्हणाले होते, "पोरी, शिवणाच्या वर्गात जा." तर ही म्हणाली, "तिथी झटका बसत नाई, मजा नाई येत." नवरा पेपर मिलमध्ये कामाला होता, तो गेला. मुलगा कोळसा खाणीत, सून घरी. मुलगा रोज शिफ्टला जाताना मोटरसायकलवरून दुकानात सोडायचा आणि येताना न्यायचा. "म्हणते, आई, आता बंद कर. मी म्हणतो, टीव्ही बंद पडते, मी नाई."

संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिने बटण दाबलं आणि उजव्या हाताची मागची बाजू पडद्यासमोरून हळूच फिरवली. "आलं!" म्हणाली. "काय आलं? पडदा काळाच आहे," मी म्हटलं. "केस उभे राह्यले ना हातावरचे. करंट आला. आता सांगा, काय दिसते?" मी नाक टेकवून बघितलं. खोल कुठेतरी हिरवट धुकं. अक्षर एकही नाही. तिने सुस्कारा सोडला. ट्यूब म्हातारी झाली होती. तिच्या मानेतली तार तापेना. "एक उपाय हाय. त्या तारेले जास्तीचं व्होल्टेज द्यायचं. मरायच्या आधी दिवा मोठा होते तसा पडदा उजळन. पाच मिनटं राहीन, नाई तं पंधरा. मंग संपली, तिले कोणीच उठवू शकत नाई." मी म्हटलं, "पंधरा मिनिटं पुरतील. मोबाइलने फोटो काढून घेईन." माझा आवाज ठाम होता, पण त्या रात्री भाचीकडे जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी मी मोबाइल पुसून तयार बसले. तिने मागून दोन तारा जोडल्या आणि म्हणाली, "पाहा आता." काय सांगू! पडदा लख्ख उजळला. हिरवीगार, टोकदार अक्षरं. मीच बनवलेली ती यादी, मीच टाकलेली नावं. त्यांतली कितीतरी पोरं आता आजोबा झाली असतील. पण रमायला वेळ कुठे होता? एका पडद्यावर दहा नावं, आणि नावं आली त्या क्रमाने. मंगरू कोणत्या साली आला ते मला आठवत नव्हतं. एका हाताने बटण दाबत होते, दुसऱ्या हाताने फोटो घेत होते, आणि फोटोत नुसते काळे पट्टे येत होते. म्हणजे डोळ्यांनीच वाचायला हवं होतं. माझा चष्मा घामाने घसरत होता. बघता बघता पडद्याच्या कडा काळ्या पडायला लागल्या.

"बाई, इकडे या! तुम्ही डावीकडची नावं वाचा, मी उजवीकडची!" ती हलली नाही. "तुम्हीच पाहा," म्हणाली. "अहो, पडदा चाललाय! मंगरू शोधा, एम-ए-एन!" तरी ती मागेच, तोंड भिंतीकडे. अक्षरं फिकी पडत होती, माझं डोकं तडकलं, आणि माझ्या तोंडातून ते वाक्य गेलं. "डोये फुटले काय वो तुमचे?"

"हो," ती म्हणाली. "फुटलेच मॅडम. पाच वर्षं झाले. निस्ता उजेड कयते."

मी तिच्याकडे पाहत राहिले. बटणावरचं बोट तसंच, मोबाइल तसाच हातात. किती वेळ गेला ते सांगता येत नाही, अर्धं मिनिट असेल. भानावर येऊन पडद्याकडे वळले तर मधोमध एक हिरवा ठिपका उरला होता. तोही गेला.

मी मटकन खाली बसले आणि रडले. सरितासाठी रडले, त्या वाक्यासाठी रडले, आणि खरं सांगते, भीतीनेही रडले. दोन दिवस मी एका आंधळ्या बाईला हजारो व्होल्टमध्ये हात घालताना पाहत होते आणि तिच्यावर चपराशीपणावरून चिडत होते! काटा वाचा, रंग सांगा, काय दिसते ते सांगा, ही सगळी तऱ्हा कशासाठी होती ते तेव्हा डोक्यात शिरलं. "मले माफ करा बाई," मी म्हटलं, "मी रांड, तोंडाची घाण आहे." ती म्हणाली, "जाऊ द्या ना. खरंच तं बोलले." आणि मग तीन दिवसांत पहिल्यांदा तिने विचारलं, "एवढं काय होतं त्याच्यात?"

मी सांगितलं. मंगरू, सरिता, वाळवी, सुनावणी, चारशे मुलांची यादी. ऐकता ऐकता तिच्या कपाळावर आठ्या चढल्या. "यादी? म्हंजे कागदावर निंगणारी यादी?" मी म्हटलं, "निघायची. दर महिन्याला छापायचे मी. प्रिंटर कधीच मोडला." तशी ती कडाडली. "अवो बाप्पा! मंग आधी काऊन नाई सांगितलं? तुमचं मशीन तं चालूच हाय! मेला तो निस्ता आरसा!" आता माझाही पारा चढला. "मी सांगत होते तर तुम्हीच तोंड धरलंत! पाहायचं काय ते नका सांगू म्हणे!" आम्ही दोन म्हाताऱ्या, एक रडून लाल आणि एक आंधळी, भर दुकानात एकमेकींवर ओरडत होतो. आणि खरं तर दोघी स्वतःवरच चिडलो होतो. जी ट्यूब नुकतीच जाळली, तिची गरजच नव्हती. तिचा नियम आणि माझी पूजा, दोन्ही आमच्या अंगलट आली होती.

ती उठली आणि मागच्या रॅकवरून हाताने मोजत मोजत एक जुना, सुयांच्या टोच्यांनी अक्षरं छापणारा प्रिंटर काढला. कुठल्या तरी ट्रान्सपोर्टवाल्याने दुरुस्तीला टाकला आणि परत न्यायला आलाच नाही. त्याच्यासोबत कागदाचा अर्धा गठ्ठा होता. वाळलेल्या रिबनवर तिने मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडले आणि बोटाने पसरवले. तार जोडली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. 'पीं' झालं, डिस्क घरघरली. "थांबा... थांबा... डिस्क चूप झाली. आता दाबा, जसं पहिले दाबत होते."

मी कीबोर्डकडे पाहिलं आणि डोकं रिकामं. यादी छापायला आधी चार दाबायचं की आधी एंटर? पडदा नाही तर बोट कुठे टाकू? दोनदा चुकले, दोनदा कॉम्प्युटर वैतागून 'टूं' करून ओरडला. तेव्हा तिने तो डावा हात पाठीमागून काढला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. "डोये मिटा मॅडम. तुमचे डोये मधात येऊन राह्यले. बोटाले माहीत हाय, त्याईले करू द्या." मी डोळे मिटले. ऑफिसची खिडकी आठवली, बाहेर ताटं घासणारी मुलं आठवली. चार, एंटर, एक, एंटर, वाय, एंटर. बोटं आपली आपण गेली.

दुकानात असा कर्रर्र आवाज उठला की मी दचकून डोळे उघडले. कागद पुढे सरकत होता आणि त्यावर फिकट करड्या रंगात एकेक मूल उतरत होतं. नाव, बापाचं नाव, गाव, आधीची शाळा, नोंद क्रमांक. अकराव्या पानावर मंगरू होता. धानोरा तालुक्यातली एक जिल्हा परिषदेची शाळा आणि पुढे क्रमांक. मी मोठ्याने वाचला, परत वाचला, तिसऱ्यांदा वाचायला लागले तर ती म्हणाली, "पाठ झाला मले."

निघताना मी तिच्याशी भांडलेच. डोळ्यांचं काही केलं का? केलं होतं. काचबिंदू. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं होतं, शीर सुकली, आता काही होत नाही. "मग हे उच्च दाबाचं काम कशाला करता? मरायचं आहे का?" तर हसून म्हणाली, "डोये असणारेच जास्त मरते मॅडम. मशीन बंद दिसते म्हणून हात घालते. मले तं सदाच चालू वाटते." मग माझा हात धरून हळू आवाजात म्हणाली, "गिऱ्हाइकाले नका सांगू. कोणी मशीन देणार नाई मंग." मी तिला वचन दिलं. तिने मॉनिटर ठेवून घेतला, पार्टसाठी.

सोमवारी सुनावणीत क्रमांक सांगितला, मुदत मिळाली. धानोऱ्याकडच्या त्या शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये मंगरू सापडला, त्याच्या नावापुढे त्याची जमात स्पष्ट शाईत. ट्यूबबाईचा अधूनमधून फोन यायचा. "काय झालं वो आपल्या पोरीचं?" आपल्या पोरीचं! कधीतरी विचारायची, "अहेरीत कोणाचा टीव्ही बिघडला नाई काय?" मी रागवायची, ती हसायची. प्रमाणपत्र हातात पडलं, सरिताचा प्रवेश पक्का झाला, तेव्हा मी मुद्दाम फोन केला नाही. म्हटलं, पेढा तोंडात घालूनच सांगायचं.

दुकानाचं शटर बंद होतं. शेजारच्या पानठेलेवाल्याने सांगितलं, "ट्यूबबाई गेल्या ना जी. पंधरा दिवस झाले." माझ्या हातातून पिशवी सुटली. "करंट लागला काय?" मी ओरडलेच. "नाई नाई, ताप होता. तीन दिवसांचा ताप." त्यानेच मला घरी नेलं.

मुलगा दारातच भेटला. घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी तिचा हार घातलेला फोटो होता. मी पेढ्याचा डबा खाली ठेवला आणि भडाभडा बोलत सुटले. मंगरू, यादी, सरिता, सगळं. घरच्यांपासून काय लपवायचं, त्यांना माहीतच असणार, अशी माझी खात्री. म्हणून शेवटी म्हटलं, "आणि एवढं सगळं डोळ्यांनी दिसत नसताना केलं हो तुमच्या आईने."

"कोणाले दिसत नव्हतं?" त्याने विचारलं. आधी तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू थांबलं. "काईतरीच काय मॅडम! आई माह्यासमोर चालत होती, जेवत होती. मी रोज गाडीवर सोडत होतो तिले." काय बोलून बसले होते मी हे! "किती वर्षं?" त्याने विचारलं. मी सांगितलं, पाच. वर आणखी काही महिने झाले असतील.

अंगणात एक चिमुरडी वाटीत माती कालवत होती. तो तिच्याकडे बघत राहिला. "ही चार वर्षांची हाय," तो म्हणाला. "झाली तवा मी दवाखान्यातून फोटो आणून आईले दाखवला होता. आईनं मोबाइल हातात घेतला. म्हणे, नाक तुह्यावर गेलं रे, कपाय सुनेचं हाय." तो माझ्याकडे वळला. "दिसतच नव्हतं तं तिनं नाक कसं वयखलं?"

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "मीच दवाखान्यातून फोनवर सांगितलं होतं आईले, नाक कोणाचं, कपाय कोणाचं. तुम्ही फोटो दाखवाच्या आधी."